सिगारेट सोडली तर उभं कुठे राहायचं?

ग्रुपवाल्यांनो, आज तुर्भ्याला आमच्या कंपनीत दवाखान्यातल्या एक ताई आल्या होत्या. सिगारेट सोडली तर कसं वाटेल असं आपल्याला वाटतं, ते शून्य ते दहामध्ये सांगायचं होतं.

"चिडचिड होईल?"

"दहा," मी म्हणालो.

"ताई, तो ओढतानापण दहालाच असतो," शेजारी बसलेला माझा कंपनीतला दोस्त गण्या म्हणाला. मी त्याला शिवी घातली, म्हणजे त्याचंच खरं ठरलं.

"कशाची उणीव वाटेल?"

मला टपरीच आठवली. माझ्या वर्गातली, मला आवडणारी स्मिता कॉलेज सोडल्यापासून दिसते ती तिच्या सोसायटीसमोरच्या टपरीवरूनच. हातात सिगारेट असते म्हणून तिथे उभं राहता येतं.

संध्याकाळी टपरीवर तसाच गेलो, सिगारेट न घेता. हातांचं काय करायचं तेच कळेना. स्मिता आली आणि चक्क थांबली.

"आज सिगारेट नाही?"

"सोडली."

"मग इथे कशाला उभा आहेस?"

"तुला भेटायला."

ती वळून सोसायटीत गेली. चिडचिड नाही झाली, धडधड मात्र दहा होती.

आता ती हो म्हणो की नाही, सिगारेट परत धरणार नाही.

तुमच्यापैकी ज्यांनी सोडली त्यांनी खरं सांगा, आधी वाटलं होतं तसंच झालं का?