बेहड्याची वर्दी

ती घटना आठवली की आजही मी हातातला चहा खाली ठेवतो.

बदलापूरजवळच्या गावातली एक बाई आमच्या पोलीस ठाण्यात आली. नवरा देवराईचा राखणदार, चार दिवस बेपत्ता. तो गेला त्याच दिवशी तिथला जुना बेहडा कुणीतरी तोडून नेला होता. बेहड्यात काहीतरी राहतं असं गाव मानतं, म्हणून त्याच्याखालून जाताना राखणदार खोडावर काठीचे तीन ठोके देई. गावात याला वर्दी देणं म्हणत.

"साहेब, झाड गेलं तरी भर दुपारी खुंटाकडून तीन ठोके येतात. तेच हायत. जित्ते हायत का नाय, येवढं सांगा. कुंकू लावू की पुसू?"

मी मिसिंग नोंदवली. ठोके मात्र जबाबात घेतले नाहीत. भुताखेतांचं कुठे लिहायचं, असं हवालदाराला हसत म्हणालो.

ते झाड जिथे उतरलं तो उल्हासनगरातला फर्निचरचा कारखाना खबऱ्याने दाखवला. माल विकला गेला होता, उरल्या होत्या लाकडाच्या चिलप्या. मालकाकडे शिवणीच्या लाकडाचं बिल. दोन दिवस चौकशी केली, पठ्ठ्या हलला नाही. त्याचा सुतारही ठाम, "शिवणच आहे साहेब, बिल बघा ना."

पंचनामा करून चिलप्या आणि खुंटाचा तुकडा प्रयोगशाळेत नेला. तिथल्या मॅडमनी काडीएवढे तुकडे आम्लात गरम केले. तंतूंना धरून ठेवणारा चिकटा विरघळला आणि नळीत पांढरे तंतू सुटे झाले, म्हाताऱ्या माणसाच्या केसांसारखे. नळी स्टँडवर ठेवल्यावरही ते बराच वेळ फिरत होते. मला बघवेना. सूक्ष्मदर्शकाखाली एकेक तंतू मोजून त्या म्हणाल्या, "शिवण नाही, दोन्ही बेहडा. पण मी जात सांगते, हेच ते झाड असं नाही सांगणार."

कोर्टात एवढ्याने भागणार नव्हतं. मी सुताराला फक्त झाडाचं नाव सांगितलं. तो ओरडलाच.

"बेहडा? मालक तर शिवण म्हणाला होता! उरलेल्या फळ्यांचा पोरीला पाळणा केलाय मी!"

मग तो बोलायचा थांबेना. ओंडका भरायला गेला तेव्हा मालक खुंटाजवळची ताजी माती फांद्यांनी झाकत होता.

राखणदार तिथेच पुरलेला सापडला. झाडाची तोड अडवायला गेला, झाड अंगावर पडून जागीच गेला, असं तपासात निघालं. बाई रडली नाही. "पयल्याच दिवशी सांगितलं व्हतं ना, साहेब?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानंतर मी कुणाचा जबाब गाळून लिहिला नाही.

पाळणा ठाण्यातल्या मुद्देमालाच्या खोलीत जमा झाला. आमचा कारकून ती खोली उघडण्याआधी दारावर तीनदा ठोकायचा. मी त्याला कधी हसलो नाही.