बेकरीची मोटर आणि राणीसरकार

कल्पना करा, सकाळी उठलात आणि बोटं सुजून लाकडासारखी ताठ झाली आहेत. मूठ वळत नाही, बटण लागत नाही. आता याच बोटांनी एका हातात तांब्याची तार ताणून धरा, दुसऱ्याने यंत्राचा दांडा फिरवा आणि वेढ्याला वेढा चिकटवत कॉइल भरा. तार सैल सुटली तर कॉइल फुगते. जास्त ताणली तर वरचा मुलामा सोलवटतो आणि मोटर जळते.

राणीसरकार हे काम वर्षानुवर्षं करत होती. संधिवाताने तिला कॉलेजातच गाठलं, आणि तो पाहुण्यासारखा येऊन जाणारा नव्हता. घरजावयासारखा ठाण मांडून बसला. मोटर-वाइंडिंगच्या त्या छोट्या दुकानात पाऊल टाकलं की ती आधी मैत्रिणीपुढे उभी राहायची. ही मैत्रीण मोटरी तपासायची. गळ्यात कायम मीटर लटकलेला, म्हणून सगळे तिला मीटरच म्हणत.

"एप्रनची बटणं लाव गं."

"हात मोडलेत का तुझे?"

"राण्या कधी स्वतःची बटणं लावतात का?"

हे उत्तर तिने पहिल्यांदा दिलं, त्या दिवसापासून ती राणीसरकार. सकाळी बोटं आखडलेली असायची, तेव्हा ती स्क्रूड्रायव्हरचं टोक चालत्या मोटरीला आणि मूठ कानाला लावून बेअरिंगच्या तक्रारी ऐकायची. "ही सासूसारखी कुरकुरतेय, हिला ग्रीस हवं," असे निकाल द्यायची. दुपारी बोटं सैल झाली की वाइंडिंगला बसायची. कुणी "बिचारी" म्हटलं की तिचा पारा चढायचा.

मग छातीत संसर्ग झाला आणि बघता बघता ती गेली. बेकरीच्या पीठ मळायच्या यंत्राची मोटर तेवढी अर्धवट राहिली. तिने भरलेल्या कॉइल खुंटीवर ओळीने लटकत होत्या. मीटरने त्या त्याच क्रमाने मोटरीत बसवल्या, टोकं नेहमीसारखी जोडली आणि बटण दाबलं.

मोटर नुसतीच घूं करत थरथरली. जागची हलेना.

मालक जवळ आले. "छिन्नीने काप सगळं आणि नव्याने भर. शेवटी शेवटी तिचं चित्त नव्हतं थाऱ्यावर. आजारी माणूस, बोलणार तरी काय!"

मीटरने छिन्नी बाजूला सारली. राणीसरकारच्या हातची शेवटची मोटर भंगारात जायची, आणि वर हे असलं प्रशस्तिपत्रक!

"थोडा वेळ द्या, मालक."

"मला विचारू नकोस, यांना विचार."

बाकावर बेकरीवाले दादा बसले होते. "घ्या ताई वेळ. पण माझी माणसं सकाळपासून हाताने पीठ मळतायत. माझ्या नावाने काय काय मळत असतील, देव जाणे."

मीटरने कॉइलना बॅटरी जोडली आणि मोटरीच्या पोकळीत होकायंत्र धरलं. एका कॉइलवरून पुढच्या कॉइलवर गेलं की सुईने उलटं तोंड फिरवायला हवं. फिरवलं. पुढेही फिरवलं. मग एका जागी सुई ढिम्म! त्यानंतर ती पुन्हा फिरू लागली, पण आता सगळं बरोब्बर उलट. चूक कधी इतक्या शिस्तीत होते का?

तिने दिवा खाली ओढला आणि कॉइल बांधलेल्या दोऱ्याच्या गाठी निरखल्या. पहिल्या गाठींची शेपटं एका बाजूला होती, पुढच्यांची दुसऱ्या, आरशात पाहावं तशी.

"मालक! अहो मालक, इकडे या!"

"काय, शॉक बसला?"

"डावा हात! तिने डाव्या हाताने भरल्यात या!"

मीटरला सगळं लख्ख दिसलं. शेवटच्या दिवसांत राणीसरकारने स्टूल टेबलाच्या पलीकडे मांडून घेतलं होतं. "इकडून उजेड बरा येतो," म्हणाली होती. उजेड कसला! उजवा हात दांडा फिरवेना, म्हणून पलीकडून डाव्याने फिरवायची. यंत्र तेच, पण फिरलं उलटं, म्हणून वेढेही उलटे.

"मग सगळं काढावंच लागणार की."

"छे! वेढे एकदम चोख आहेत. नुसती टोकं बदलायची."

तिने उलट्या कॉइलची टोकं सोडवली, अदलाबदल केली, कथलाचे डाग देऊन पक्की केली. बटण दाबलं आणि मोटर अशी काही सुसाट सुटली की बेकरीवाले दादा बाकावरून उठून उभे राहिले.

"आयला!" मालक म्हणाले. मग हळू आवाजात, "डाव्या हाताने. आणि एक वेढा सैल नाही."

मीटरला हसू फुटत होतं, रडूही येत होतं. टाळी द्यायला तिने शेजारी हात पुढे केला. शेजारी कुणीच नव्हतं.

एक गोष्ट मात्र तिने मालकांना सांगितली नाही. अगदी शेवटच्या कॉइलपाशी सुई पुन्हा एकदा अडली होती. त्या कॉइलची गाठ पहिल्या गाठींसारखी होती, वेढेही सरळ होते. म्हणजे ती एक कॉइल भरायला राणीसरकार स्टूल उचलून परत आपल्या जुन्या जागी येऊन बसली होती.

का गं? त्या दुपारी हात खरंच वळला होता, की दातओठ खाऊन वळवलास?