वहीतली कोरी ओळ

चार महिने पोटात ठेवलेली गोष्ट आज सांगून टाकते... आता सांगायला हरकत नाही.

मी पासलीच्या वरच्या वाडीवर अंगणवाडी चालवते. दरवर्षी घरोघर जाऊन कोण किती माणसं, कुणाचं वय काय, हे वहीत लिहायचं असतं. काम सोपं वाटतं ना? वय विचारलं की एक आजोबा दरवर्षी सांगतात, "लिव की साठ." गेली पाच वर्षं ते साठच आहेत!

पण यंदा लिहिताना हात जड झाला होता. पानामागून पान, सगळे पिकलेले केस... तरुण पुण्यात. सहा वर्षांखालचं एकच पोर, आणि तेही आता पहिलीत जाणार. आमच्या सुपरवायझर मॅडम म्हणाल्याच होत्या, "नवीन मूल दिसलं नाही तर तुमची अंगणवाडी खालच्या गावात जोडतील." मला नुसतं रडू येत होतं.

शेवटचं घर ठकूआजींचं. मुलगा-सून पुणं सोडून परत आलेत, शेळ्या घेतल्यात. मी लिहिलं... आजी, आजोबा, मुलगा, सून सुनंदा. चार. वही मिटणार तोच आजी म्हणाल्या, "थांब. एक वळ कोरी ठेव."

"आता आणखी कोण?" मी विचारलं. सुनंदा लाजून चुलीकडे वळली, तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. तिसरा महिना! त्या दिवशी तिची चोरओटी होती... घरातल्या घरात, गुपचूप भरायची. "पाचवा लागल्याबिगर भायेर बोलायचं न्हाई हां," आजींनी दम भरला. (दवाखान्यातली नोंद मात्र मी दुसऱ्याच दिवशी करून घेतली, त्यात हयगय नाही!)

आजींनी ओटी भरली. मग तांदळानं भरलेलं सूप माझ्यापुढे सरकवलं. "आता तू भर."

मी दोन पावलं मागे सरले. माझे मालक जाऊन सहा वर्षं झाली. तेव्हापासून हळदीकुंकवाला मी चहाच्या गाळणीपाशी असते, कुणी सांगितलं नाही तरी. म्हटलं, "आजी, मला कुठं चालतं..."

"गप गं! ह्या वाडीतली समदी पोरं तुज्या मांडीवर वाढली. तुज्या हातची वटी न्हाई, तर कुणाची?"

तांदूळ, खण, नारळ... ओंजळीतले निम्मे तांदूळ जमिनीवर सांडले. सुनंदा हसत होती, मी रडत होते. आजी दोघींनाही ओरडत होत्या.

परवा सुनंदाचं डोहाळजेवण झालं. बायका जमल्या आणि मी सवयीनं गाळणी हातात घेतली. तेवढ्यात आजींचा आवाज आला, "च्या कुणी बी गाळंल. तू हितं म्होरं ये!"

सगळ्यांच्या देखत मी ओटी भरली. या वेळी एक दाणा सांडला नाही.

घरी येऊन वही उघडली. ती ओळ अजून कोरीच आहे, नाव यायचंय. पण आजी, यंदाच्या मोजणीत तुम्ही मलाही धरलंत... हे मी जन्मात विसरणार नाही.