हेमीच्या नावाचा गूळ

गुंडा धनगराला हाडं कळायची. मी कुंडलिक, भवानी पेठेतल्या चन्नवीर डॉक्टरांचा कंपाउंडर. मला बाटल्या कळतात, बाकी काही नाही. पण गुंडाची नजर बघून मीसुद्धा तोंडात बोट घालायचो. मेंढीच्या पायाचं नुसतं नळीचं हाड हातात द्या, लगेच म्हणायचा, "ही लंगडत हुती की. म्होरल्या डाव्या पायानं."

चौतीस साली मैंदर्गीपलीकडच्या माळावर रस्त्यासाठी मुरूम खणताना मोठमोठे रांजण लागले. आत माणसांची हाडं, हजार-दोन हजार वर्षांची. कुणी हात लावीना. आमच्या डॉक्टरांना मात्र आनंदानं जेवण सुचेना! त्या जुन्या लोकांना काय काय रोग होते ते हाडांवरून शोधायचं, हा त्यांचा नाद. पाट्या भरून हाडं दवाखान्याच्या मागच्या पडवीत आली. त्यांतलं जनावराचं कुठलं, माणसाचं कुठलं, हे निवडायला गुंडा आला. मेंढरं आणि लेक भावाच्या हवाली करून तो इथंच राहिला.

शेळीच्या केसांच्या कुंचल्यानं तो एकेक हाड झाडायचा आणि तोंडानं एकच पुराण चालू, त्याची हेमावती. बायको मागंच गेलेली, ही एवढी एकच पोर. ती नऊ वर्षांची असताना हाताला मुंग्या येतात म्हणायला लागली. वस्तीवर म्हणाले, वात आहे. तापल्या विळ्यानं खांद्यावर डाग दिला. डागताना जे पोर ओरडत नाही, त्याच्या नावानं गूळ वाटायची त्यांच्यात रीत.

"चौघांनी धरावं लागतंय पोराला," गुंडा सांगायचा. "हिला कुणीच धरलं न्हाय. कातडं चर्र वाजलं, आन् ही माज्याकडं बघून हसतीया! वाघीण हाय, कुंडलिकराव! समद्या वस्तीला गूळ वाटला मी."

वर्षभरात ही गोष्ट आम्ही शंभरदा ऐकली असेल. डॉक्टर भिंगावरून डोळा न काढता "वा, वा" म्हणायचे. मीही म्हणायचो. येत्या माघात हेमीचं लग्न होतं, त्यांच्यातल्याच हरिबाच्या पोराशी. हरिबानं मागणी घालताना सांगितलं होतं म्हणे, "डाग दिला तरी वरडली न्हाय ती पोर, तीच सून पायजे मला." हे सांगताना गुंडाचा ऊर भरून यायचा.

आणि मग ती दुपार आली. डॉक्टरांनी आम्हां दोघांना हाक मारली. समोर एका बाईच्या पायाची हाडं मांडलेली. बोटांची हाडं टोकाकडं निमुळती, पाटीवरची पेन्सिल घासून घासून होते तशी.

"महारोग," डॉक्टर म्हणाले. लई खुशीत होते. "पण अशी बोटं झिजायला वर्षं लागतात. म्हणजे ही बाई रोग घेऊन खूप जगली."

"खायाला कोण घालत असंल तिला?" गुंडानं विचारलं.

"ते हाडावरून कळत नाही, गुंडा." आणि आपल्याच तारेत पुढं बोलत राहिले. "या रोगात आधी मुंग्या येतात. मग कातडी मरते. निखारा ठेवा वर, माणसाला पत्ता लागत नाही."

गुंडाचा कुंचला थांबला. "डाग दिला तर?"

"डाग दिला तरी..." डॉक्टर म्हणायला लागले. वर्षभरात पहिल्यांदा त्यांनी मान वर करून गुंडाकडं नीट बघितलं.

गुंडानं हातातलं हाड जपून पाटीत ठेवलं, घोंगडी उचलली आणि निघून गेला. मला असा संताप आला म्हणता! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. दोन हजार वर्षांपूर्वी मेलेल्या बाईचा रोग ओळखला, आणि शेजारी बसलेला माणूस रोज कानीकपाळी ओरडतोय ते ऐकू आलं नाही! डॉक्टरांना बोल लावतोय, पण तो गूळ मीही खाल्ला होता. कामावर आला त्या दिवशी गुंडानं आमच्यासाठीही तिच्या नावाचा खडा आणला होता.

तिसऱ्या दिवशी तो पोरीला घेऊन आला. बारा वर्षांची, तरतरीत, कपाळावर कुंकू. डाव्या हाताची करंगळी आणि शेजारचं बोट आत वळलेलं. डॉक्टरांनी ती बोटं सरळ करून बघितली, झाली नाहीत. त्यांनी मला बाजूला घेतलं. "तीन वर्षांपूर्वी आणली असती तर कडू कवठाच्या तेलाची इंजेक्शनं देऊन काही जमलं असतं," म्हणाले. "आता हात जाणार. घरात कोण ठेवणार तिला?" आणि खिडकीकडं तोंड करून उभे राहिले.

गुंडा काही ऐकायला तयार नव्हता. "डागाभवतीचं कातडं जितं असंल. मी बघतो, माज्या हातानं." येताना त्यानं बाभळीचा काटा आणला होता. वाटेत पोरीला सगळं सांगितलंही होतं, टोचलेलं कळलं तर भ्यायचं कारण न्हाय म्हणून.

हेमी पाठ करून स्टुलावर बसली. डोळे घट्ट मिटलेले. खांद्यावर तळहाताएवढा फिकट चट्टा आणि मधोमध तो डाग. गुंडानं काटा धरला. पण हात पुढंच जाईना. काटा खांद्यापासून वीतभर लांब.

"आई गं!" हेमी ओरडली. "टोचलं की, आबा! लई टोचलं!"

गुंडानं आमच्याकडं बघितलं. मी मान खाली घातली. काटा त्यानं हळूच घोंगडीत लपवला आणि रिकामा हात तिच्या खांद्यावर ठेवला.

"व्हय गं बाय," तो म्हणाला. "जरा जोरातच लागला."