दादाने बीपीची गोळी सोडली, आणि मी विचारलंच नाही

माझा मोठा भाऊ बरा झाला होता. म्हणूनच तो गेला.

आज वर्ष झालं. सकाळपासून एका जागी बसवत नाहीये.

दादा दिघोरीचा. तलावात मासे धरायचा. वय अठ्ठेचाळीस, अंगानं दणकट.
मी भंडाऱ्यात एका मेडिकलमध्ये काउंटरवर असते.

मागच्या वर्षी उन्हाळ्यात तो जाळं घ्यायला भंडाऱ्याला आला, तेव्हा दुकानात बसवून त्याचं बीपी मोजलं.
१८८/११२.
दहा मिनिटांनी पुन्हा मोजलं. तेच.

"तुयी मशीन खराब आहे सुनी," दादा हसला. "डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही. मले कायचा बीपी?"

हात धरून डॉक्टरकडे नेलं. गोळी सुरू झाली.

महिन्याभरानं गावातल्या कॅम्पमध्ये १२८/८२ आलं. त्यानं फोन केला.
मी आनंदानं ओरडलेच, "दादा, एकदम नॉर्मल!"

एवढंच बोलले. गोळी चालू आहे म्हणून नॉर्मल आहे, हे सांगायचं राहिलं.

दुसऱ्या दिवसापासून त्यानं गोळी सोडली.

नंतर कितीदा फोन झाले. "तब्येत कशी आहे?" "मस्त आहो."
गोळी घेतोस का, हे मी एकदाही विचारलं नाही. मी! दिवसभर गोळ्याच विकणारी!

तीन महिन्यांनी सकाळी तलावावर जाळं ओढताना त्याचा उजवा हात लुळा पडला. बोलणं अडखळलं. सोबतच्या भाऊरावला वाटलं, मस्करी करतोय.

मेंदूत रक्तस्राव. तिसऱ्या दिवशी दादा गेला.

डॉक्टर म्हणाले, "बीपी दुखत नाही हो. आतून नसांवर जोर पडतच राहतो."

दवाखान्याच्या पायरीवर वहिनी मला म्हणाली, "बाई, मी म्हणत होती गोळी घ्या. ते म्हणत, सुनीनंच सांगतलं ना बरं झालं म्हणून."

आवाजात राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं.

तेव्हापासून काउंटरवर येणाऱ्या प्रत्येकाला विचारते. बीपीची गोळी बंद तर नाही ना केली? मनानं कमी तर नाही ना केली? मालक वैतागतात. वैतागू देत.

आज वर्षश्राद्धाला दिघोरीला आले. जेवणं झाल्यावर भाऊरावचं बीपी मोजलं. १७६/१०४.

"उद्या जातो ना बाई."

"उद्या नाही. आता."

"आज त्याचा दिवस आहे, आज कायले?"

मी त्याच्या दारातच बसले. म्हटलं, तू निघेपर्यंत मी उठत नाही. वहिनी आली, माझ्याशेजारी बसली.

पंधरा मिनिटांनी भाऊरावनं चपला घातल्या.

हे लाखांदूरच्या दवाखान्याबाहेरून लिहून राहिले. तो आत आहे. बाहेर आला की गोळी कशी घ्यायची, किती दिवस घ्यायची, सगळं त्याच्याकडून दोनदा वदवून घेणार आहे.

दादा, तुला सांगायचं राहून गेलं रे.
माफ कर. तुझ्या आठवणीला नमस्कार.