इर्माच्या पाणथळीची परवानगी

ऑक्टोबर लागला की आमच्या व्हेस्टबीतली माणसं बिघडतात. एरवी चांगली असतात. हवा, मका आणि शेजाऱ्याचा नवा ट्रॅक्टर यापलीकडे वर्षभर न बोलणारे पुरुष एकाएकी माझ्या कॅफेत उजाडायच्या आत येऊन बसतात, एकमेकांच्या पाठीत धपाटे घालतात, कारण नसताना हसतात. साठी उलटलेला माणूस शिकारीची नवी नारिंगी टोपी घालून माझ्या काउंटरमागच्या आरशात स्वतःला पुन्हा पुन्हा न्याहाळतो. फेझंटचा, म्हणजे लांब शेपटीच्या रानकोंबड्यांच्या शिकारीचा, हंगाम तिसऱ्या शनिवारी उघडतो. साऊथ डकोटात तो दिवस नाताळाच्या खालोखाल मानतात, आणि पास्टर रूड आसपास नसले तर थोडा वरच.

या सगळ्या वेडाचा मुकादम म्हणजे मायलो एंगब्रेख्ट. काउंटीच्या खडीच्या रस्त्यांवर तो ग्रेडर चालवतो. उन्हाळ्यात खडी सारखी करायची, हिवाळ्यात बर्फ ढकलायचा. उंच, किंचित वाकलेला, कान मोठे. लग्न केलं नाही. का, असं विचारलं तर "राहून गेलं" म्हणतो, जसं एखाद्याचं छपराला रंग द्यायचं राहून जावं. घरी टिली नावाची काळी लॅब्राडोर आहे. माणसांशी तो जेवढं बोलतो त्याच्या चौपट तिच्याशी बोलतो.

फेझंट सकाळी सकाळी रस्त्यावर बारीक खडे टिपायला येतात. त्यामुळे कुठल्या शेताच्या कडेला किती नर वाढलेत, हे मायलोला घरच्या पोरांसारखं ठाऊक असतं. हंगाम संपला की दुसऱ्याच दिवशी त्याचा पुढचा बेत सुरू होतो. आणि तो बेत होतो माझ्या खिडकीजवळच्या टेबलावर, माझ्या भांड्यांनी.

"लव्हॉन, अजून दोन मिठाच्या बाटल्या दे," तो म्हणतो.

"गिऱ्हाइकांनी अंडी अळणी खायची का?"

"दोनच मिनिटं गं."

मिठाच्या बाटल्या म्हणजे हाकारे. ते गवतातून ओळीने चालत पक्षी उठवणार. मिरपुडीच्या बाटल्या पलीकडच्या टोकाला उभ्या राहून वाट अडवणार. केचप म्हणजे कुत्री. नॅपकिनची घडी म्हणजे मका. आणि मधोमध माझी सगळ्यात मोठी बशी, ती इर्मा लोकेनची पाणथळ.

ती पाणथळ म्हणजे आमच्या तालुक्याचं सोनं. पुरुषभर उंच पाणकणीस, एका बाजूला मका, दुसऱ्या बाजूला झाडांचा पट्टा. मका कापला की आसपासचे सगळे पक्षी तिथे शिरतात. ती मिळाली तर शिकार, नाही तर नुसता नारिंगी कपड्यांतला व्यायाम. तिचा नवरा क्लॅरेन्स गेल्यापासून तिथे शिकारीची परवानगी इर्मा देते, आणि ती मागायला दर ऑक्टोबरात मायलोच जातो. दुसऱ्या कुणाला जाऊच देत नाही. आणखी एक सांगते. इर्माचा रस्ता त्याच्या फेरीत अगदी शेवटी येतो, पण बर्फ पडला की पहिला साफ होतो तो तिचाच. "तिकडून सुरुवात केली की डिझेल वाचतं," असं त्याचं म्हणणं. बारा मैल उलट जाऊन डिझेल कसं वाचतं, हे त्याला कुणी विचारत नाही. आमच्याकडे असं विचारायची पद्धत नाही.

परवानगी मागायचीही आमच्याकडे एक पद्धत आहे. दार वाजवलं आणि विचारलं, असं बाहेरगावचे करतात आणि हात हलवत परत जातात. आपण जायचं, अंगणात उभं राहून पावसाबद्दल बोलायचं. आत बोलावलं की नको म्हणायचं. पुन्हा बोलावलं की नको, उगाच त्रास. तिसऱ्यांदा बोलावलं की बूट काढायचे. मग कॉफी, रूबार्बच्या आंबट देठांच्या वड्या, मक्यातला ओलावा, कुणाचा गुडघा बदलला, कुणाची सून कशी. दोन तास गेले की उठायचं. मग दारात अर्धा तास. मग गाडीपाशी. आणि गाडीत बसून, काच खाली करून, आत्ताच आठवल्यासारखं म्हणायचं, "हो, बरं आठवलं, त्या पाणथळीचं..." तिने म्हणायचं, "जा की." एवढ्यासाठी ती अख्खी दुपार. मायलो त्या दिवशी दाढी करतो.

या वर्षी तो मंगळवारी गेला. इथे गेलन आणि पास्टर रूड जीव मुठीत धरून बसले होते. गेलन हा धान्याच्या कोठारावरून निवृत्त झालेला, घसा मोठा, धीर कमी. संध्याकाळी मायलोची गाडी थांबली तशी तो उठून उभाच राहिला.

"मिळाली?"

"मिळाली," मायलो म्हणाला आणि टोपी टेबलावर ठेवली. "कायमची."

"म्हणजे?"

"मी काच खाली केली, तर मी बोलायच्या आधी तीच म्हणाली. मायलो, दर वर्षी तुला एवढं लांब यावं लागतं. परवानगी कायमची धर. परत विचारायला यायची तसदी नको."

गेलनने अशी आरोळी ठोकली की माझा स्वयंपाकी सुरी घेऊन बाहेर आला. पास्टर रूड, जे देवळात टाचणी पडली तरी वळून बघतात, त्यांनी टेबलावर दोन्ही हातांनी ताल धरला. तालुक्यातली सगळ्यात भारी पाणथळ, आणि कायमची! गेलनने मिठाच्या सगळ्या बाटल्या बशीत उभ्या केल्या. रविवारचं प्रवचन आटोपशीर करायचं पास्टरांनी तिथल्या तिथे जाहीर केलं. मिनियापोलिसहून येणाऱ्या मेव्हण्यांना फोन गेले. "गाडीचं दार आपटशील तर याद राख!" गेलन फोनवर ओरडत होता. दार आपटलं की पक्षी पळतात म्हणून त्या दिवशी हे लोक गाडीची दारं तान्ह्या बाळाला पांघरूण घालावं तशी लावतात. घरी मात्र गेलनच्या बायकोने बिजागऱ्या नेहमी जास्तीच्या आणून ठेवलेल्या असतात.

या गोंधळात मायलो कॉफीत बघत बसला होता.

"काय रे, पोटात दुखतंय का?" मी विचारलं.

"नाही."

"वडी कशाची होती?"

"रूबार्बची." मग थोड्या वेळाने म्हणाला, "चांगली केली होती."

आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. या गाढवाला वर्षातून एकदा त्या घरात शिरायला एक कारण होतं. तेच कारण त्या भल्या बाईने, त्याचे कष्ट वाचावेत म्हणून, काढून घेतलं होतं. आणि हा "आभारी आहे" म्हणून परत आला होता! आमची माणसं सभ्यतेपायी एखाद दिवशी जीव देतील. मला दोघांचाही राग आला. खरं म्हणजे वाईटच वाटलं, पण मला वाईट वाटलं की आधी राग येतो.

"तू तसाच जा ना तिकडे, बिनकामाचा," मी म्हटलं.

तो माझ्याकडे असा बघत राहिला की मी जणू त्याला देवळात नागडं जायला सांगितलं.

गुरुवारी संध्याकाळी शेवटची बैठक. कॅफे गच्च भरलेला, मेव्हणे पोचलेले, बंदुका गाड्यांत, कुत्री गाड्यांत भुंकताहेत, माझं चिलीचं, म्हणजे खिमा-राजम्याच्या रश्श्याचं, पातेलं दुसऱ्यांदा संपत आलेलं. वारा वायव्येचा येणार म्हणून सगळा बेत उलटा करायचा, यावर गेलन आणि एक मेव्हणा केचपची बाटली दोन बाजूंनी ओढत होते. मायलो सगळ्यांना जागा वाटत होता, पण आवाजात दम नव्हता. टिलीसुद्धा टेबलाखाली नाक पंजांवर टाकून पडली होती. कुत्र्यांना मी आत घेत नाही, पण मायलोचं तोंड बघून त्या दिवशी घेतलं होतं.

तेवढ्यात दार उघडलं आणि इर्मा लोकेन आत आली. निळा कोट, केस विंचरलेले, हातात गाडीची किल्ली. इर्मा संध्याकाळी गावात कधी येत नाही. गेलनने केचपची बाटली सोडून दिली.

"मी एवढंच सांगायला आले," ती म्हणाली, "फाटकाला कुलूप नाहीये."

त्या फाटकाला क्लॅरेन्सच्या बापाच्या काळापासून कुलूप नाही. कडीच नाही, तर कुलूप कुठून येणार? हे खोलीतल्या कुत्र्यालाही माहीत होतं. बारा मैल गाडी हाकत बाई हे सांगायला आली होती!

"बरं झालं सांगितलंस," मायलो म्हणाला.

बस्स. एवढंच. माझ्या हातात चिलीची पळी होती आणि ती त्याच्या डोक्यात घालावी असं मला मनापासून वाटलं.

"कॉफी घे, इर्मा," मी म्हटलं.

"नको, उगाच त्रास. निघतेच." आणि ती खरंच निघाली. मी मायलोच्या बरगडीत पळीचा दांडा खुपसला. "पोचवायला जा, ठोंब्या!"

तो गेला. आम्ही सगळे खिडकीपाशी. मी खिडकी बोटभर उघडली. धूर झाला होता म्हणून, हे लक्षात ठेवा. पास्टर रूड सगळ्यात पुढे होते.

बाहेर ते पावसाबद्दल बोलले. मग मक्याबद्दल. मग टिलीच्या कानाबद्दल. इर्मा गाडीत बसली. काच खाली केली. मायलोने गाडीच्या टपावर हात ठेवला, काढला, परत ठेवला.

"इर्मा, ती परवानगी परत घे," तो म्हणाला.

गेलनने माझा दंड पकडला. "काय म्हणाला? काय म्हणाला हा?"

"परत घेऊ?" इर्मा म्हणाली.

"हो. कायमची नको मला. मला विचारायला यायचंय."

"मला वाटलं, तुला कंटाळा आला असेल विचारायचा."

"कंटाळा?" मायलोचा आवाज एवढा मोठा मी आयुष्यात ऐकला नव्हता. "जुलैपासून वाट बघतो मी! पाणथळ नसती ना, तरी आलो असतो. काय विचारलं असतं ते माहीत नाही, पण आलो असतो."

त्याचे कान लाल झालेले खिडकीतून दिसत होते. मी पास्टरांच्या पाठीवर एक चापट मारली.

"बरं," ती म्हणाली. "घेतली परत. उद्या ये विचारायला."

एवढं ऐकून गेलनला राहवेना. त्याने खिडकी पूर्ण वर ढकलली आणि डोकं बाहेर काढलं. "मग शनिवारचं काय? मेव्हणे आलेत!"

"ते तो कसा विचारतो त्यावर आहे," इर्मा म्हणाली आणि गाडी सुरू केली.

मायलो आत आला तेव्हा जो काही दंगा झाला, तो मी सांगत नाही. दोन बाटल्या फुटल्या एवढं पुरे. गेलन त्याला मिठी मारत होता आणि शिव्याही देत होता, आणि टिली माझ्या स्वच्छ फरशीवर गोल गोल धावत होती. मायलोला हसू आवरत नव्हतं. बसला की हसायचा, उठला की हसायचा. त्याने बेत पुन्हा पहिल्यापासून मांडला आणि वारा कुठला आहे तेच विसरला.

शुक्रवारी दुपारी तो दाढी करून गेला आणि अंधार पडल्यावर आला. गेलन दारातच उभा होता.

"दिली का नाही?"

"दिली," मायलो म्हणाला. "पण फक्त शनिवारची."

"आणि रविवारची?"

"ती शनिवारी संध्याकाळी जाऊन विचारायची. सोमवारची रविवारी. प्रत्येक दिवसाची वेगळी, असं म्हणाली."

आमच्याकडे हंगाम जानेवारीच्या अखेरीपर्यंत चालतो.