न आलेल्यांची मोजणी

मंगळवार, १४ मार्च २००६, सकाळी सव्वानऊ. साउथहॅम्प्टनमधल्या एका हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत महिन्याची बैठक चालू होती. शनिवारची पाळी वाढवावी का, असे मॅनेजरने विचारले आणि माझ्या शेजारच्या बाई उठल्या. त्यांनी आपला चहाचा मग उचलला, एक शब्दही न बोलता दार हलकेच लोटले आणि त्या बाहेर गेल्या. मॅनेजरने दाराकडे पाहिले, कपाळ चोळले आणि म्हणाला, "बरं. हा विषय राहू दे. पुढचा."

मला रुजू होऊन आठवडाही झाला नव्हता. मी शेजारच्या सहकाऱ्याला हळूच विचारले, "त्यांना बरं वाटत नाही का?"

"ती ठणठणीत आहे," तो म्हणाला. "तिने नाही म्हटलं."

इंग्रजीत सगळेच एकमेकांना नावाने हाक मारतात, आणि मीही त्यांना तशीच मारत असे. पण मराठीत लिहिताना साठीच्या त्या बाईंना एकेरी लिहायला माझा हात धजत नाही. नावही लिहिणार नाही. ते त्यांना आवडले नसते आणि तसे त्यांनी सांगितलेही नसते. त्या फक्त खोलीतून निघून गेल्या असत्या. अशी माणसे तुम्हीही पाहिली असतील. त्यांच्याशी भांडता येत नाही, कारण भांडायला ती जागेवर सापडत नाहीत.

नमुने ज्या खिडकीत येतात तिथला कारभार त्यांच्याकडे होता. स्वभाव मवाळ नव्हता. लेबल चुकलेली बाटली त्या दोन बोटांत धरून वॉर्डातून आलेल्या डॉक्टरसमोर नाचवत आणि विचारत, "हे कोणाचं रक्त, डॉक्टर? लॉटरी काढू या का?" दुसऱ्यांची बिस्किटे खात आणि स्वतःची कुलपात ठेवत. मी भारतातून आले हे कळल्यावर त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळले.

"म्हणजे तू खरी इंडियन. मी एका खलाशाच्या चुकीची. तो तुमचा देश शोधत निघाला आणि आमच्या किनाऱ्याला लागला. मग मी एका खलाशाशी लग्न केलं. माझ्या आयुष्यातला सगळा घोळ खलाशांनीच केलाय, लव्ह."

कॅनडाच्या उत्तरेकडच्या एका मोठ्या तळ्याकाठी त्यांच्या लोकांची राखीव जमीन होती. एके काळी सगळा किनारा त्यांचा होता. करार झाले, आणि उरला तो एक तुकडा. तो सगळ्या समाजाचा, कोणा एकाचा नाही. तरुणपणी त्या तिथून एका शहरात कामाला गेल्या, एका इंग्रज खलाशाशी लग्न करून इथे आल्या. त्या काळच्या कायद्याप्रमाणे परक्याशी लग्न करणारी बाई आपल्या समाजाची सदस्य राहत नसे. पुरुषाला हा नियम नव्हता. त्या हे हवामानाच्या बातमीसारखे सांगत.

"सकाळी मी इंडियन होते. दुपारी नव्हते. केक चांगला होता."

पुढे कायदा बदलला आणि सदस्यत्व परत मिळाले. जमिनीबाहेर राहणाऱ्यांना मताचा अधिकार तर त्याहूनही खूप नंतर, मी त्यांना भेटले त्याच्या थोडीच वर्षे आधी मिळाला होता. नवरा तोवर वारला होता. निवृत्तीनंतर परत जायचे त्यांनी ठरवले होते. थोरली बहीण अजून तिथेच होती, तळ्यात घुसलेल्या एका खडकाळ टोकावर, धुरी देऊन मासे सुकवायच्या खोपटाशेजारी. दोघींना पुरेल एवढे घर होते. त्या जागेला त्या नुसते 'टोक' म्हणत, जणू जगात दुसरे टोक नाही.

बैठकीतून उठून जाण्याचा अर्थ मी त्यांना कॅन्टीनमध्ये सरळच विचारला. कारण कळल्याशिवाय मला चैन पडत नाही.

"आमच्यात कोणाच्या तोंडावर नाही म्हणत नाहीत," त्या म्हणाल्या. "ते उद्धटपणाचं. पटलं नाही तर माणूस उठून जातो. किंवा येतच नाही. मासे धरायला जातो."

"आणि निर्णय? राहिलेले लोक घेतात?"

त्यांनी माझ्याकडे असे पाहिले, जणू मी लेबल नसलेली बाटली पुढे केली होती. "राहिलेल्यांपैकी कोणीतरी त्याच्या घरी जातं. बसतं. चहा पितं. काय झालं म्हणून विचारतं. तो परत येईपर्यंत निर्णय कसला?"

मला आमच्या इथल्या मराठी मंडळाची वार्षिक सभा आठवली. ठराव वाचतात, तीन सेकंद थांबतात, मागच्या रांगेत कोणी डुलकी घेत असतो, कोणी मुलाला बाहेर नेलेले असते, आणि अध्यक्ष म्हणतात, "सर्वानुमते मंजूर." मौन म्हणजे संमती, हे आपण लहानपणीच पाठ केलेले असते. त्यांच्याकडे मौन म्हणजे नकार होता, आणि नकार म्हणजे कोणीतरी घरी यावे असे आमंत्रण. दोन्ही पद्धती आपापल्या जागी चालतात. अट एकच: मोजणाऱ्याला आणि मोजल्या जाणाऱ्याला ती पद्धत ठाऊक हवी. आमच्या मॅनेजरला ठाऊक होती. बैठकीनंतर तो मुकाट्याने त्यांच्या खिडकीशी जाऊन उभा राही आणि म्हणे, "ठीक आहे, सांग."

त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये त्यांना कॅनडाहून जाड पाकीट आले. सुट्टीतली घरे बांधणाऱ्या एका कंपनीला तळ्याचा किनारा एकोणपन्नास वर्षांच्या भाडेपट्ट्याने द्यावा का, यावर सदस्यांचे मत घ्यायचे होते. किनाऱ्यात टोक आले. बाहेर राहणाऱ्यांसाठी मतपत्रिका टपालाने. त्यांनी पाकीट खिडकीवर ठेवले आणि त्यावर मग ठेवून कामाला लागल्या.

"उघडणार नाही?" मी विचारले.

"कशाला? मी घरी बसले आहे. आम्ही सगळे घरी बसलो आहोत. बहिणीने फोनवर सांगितलं, त्या बाजूचं कोणीही मत द्यायला जाणार नाही."

त्यांच्या परवानगीने मी सूचना वाचली. नियम माझ्या अपेक्षेपेक्षा बरा निघाला: निम्म्याहून अधिक सदस्यांनी मत दिले तरच मतदान ग्राह्य. मी तसे सांगितले तेव्हा त्या खूश झाल्या. "बघ. इतक्या वर्षांनी सरकारला आमची रीत कळली."

मतदान फसले. निम्मेही सदस्य आले नाहीत. त्या दिवशी त्यांनी कुलपातली बिस्किटे बाहेर काढली आणि सगळ्या प्रयोगशाळेला वाटली. इतिहासात हे पहिल्यांदाच घडले, असे आमचा मॅनेजर म्हणाला. मला त्यांनी दोन दिली. "त्या खलाशाला नकाशा वाचता आला नाही. तू वाचतेस बरं."

मी मात्र सूचना शेवटच्या पानापर्यंत वाचली होती. तिथे पुढचा नियम होता. निम्मेही सदस्य आले नाहीत, पण आलेल्यांपैकी बहुसंख्य 'हो' म्हणाले, तर सरकारचा मंत्री दुसरे मतदान लावू शकतो. आणि दुसऱ्या खेपेला किती जण आले याला महत्त्व नाही. आलेल्यांतले अधिक 'हो' पुरेत. मग समाजातल्या बहुसंख्यांनी संमती दिली असे मानले जाईल. 'मानले जाईल' हे शब्द मी पेन्सिलने अधोरेखित केले.

दुसरे पाकीट जानेवारीत आले. मी जेवणाच्या सुट्टीत पांढऱ्या फळ्यावर दोन चौकटी काढल्या. "पहिल्या खेपेला न येणं म्हणजे नकार होता. या खेपेला न येणं म्हणजे शून्य. तुम्ही घरी बसलात तर तुम्ही मोजल्याच जात नाही. तुम्हांला 'नाही'वर खूण करून पाठवावी लागेल. बहिणीलाही सांगा."

त्यांनी फळा नीट पाहिला. त्यांना ते पहिल्या वाक्यातच समजले होते, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होते.

"गणित बरोबर आहे तुझं," त्या म्हणाल्या.

"मग पाठवा."

"आणि बाकीचे? ते घरी बसलेत. कालच बोलले मी बहिणीशी. तिला सांगितलं, नियम बदललाय. ती म्हणाली, आमचा नाही बदलला."

"पण तुम्ही तर इथे आहात. तुम्ही दिलंत तर कोणाला कळणार आहे?"

"मला कळेल." त्यांनी फळ्याच्या कडेवरची धूळ बोटाने पुसली. "हे बघ. सगळे एकत्र घरात बसलेत. त्यांतून एकटी मी उठून मत द्यायला गेले, तर मी कंपनीला नाही म्हणत नाही. त्यांना म्हणते. बत्तीस वर्षं एका कागदाने मला त्या घराबाहेर ठेवलं. आता आत बसायला मिळालंय, तर पुन्हा कागदासाठी उठू?"

मी चिडले होते एवढे आठवते. बरोबर असलेले गणित समोरच्याने मान्य करावे आणि तरीही वापरू नये, हे मला शिकवलेल्या कोणत्याही विषयात बसत नव्हते. मी म्हणाले, "मग टोक जाईल."

"कोणीतरी येईल विचारायला," त्या म्हणाल्या. "इतके लोक घरी बसलेत म्हटल्यावर कोणीतरी येईलच ना?"

कोणी आले नाही. कंपनीची माणसे सभागृहात नकाशे लावून बसली होती, सरकारी अधिकारी पेटी घेऊन बसला होता, आणि दोघेही अगदी नियमाप्रमाणे वाट पाहत होते. फेब्रुवारीच्या शेवटी ठराव संमत झाला. पत्रात लिहिले होते की समाजाच्या बहुसंख्य सदस्यांनी संमती दिली आहे. 'मानले जाईल'मधले 'मानणे'ही तोवर गळून पडले होते.

पत्र वाचून त्यांनी ते माझ्याकडे दिले. "मी कधी हो म्हटलं?" त्यांनी विचारले. टोमणा नव्हता तो. मी खिडकीतून आत घेतलेला नमुना हरवावा आणि त्याबद्दल त्यांनी चौकशी करावी, तसा स्वर होता.

बहिणीला हमरस्त्याजवळ नवे घर मिळाले. त्यात नळ चांगला होता, पाणी गरम येत होते. बहीण तक्रार करत नव्हती. फोनवर आता बोलतच नाही फारशी, एवढेच बाई म्हणाल्या. मी समजले. तिने फोनच्या खोलीतूनही उठून जायला सुरुवात केली असावी.

मे महिन्यात त्या निवृत्त झाल्या. निरोपाला मॅनेजरने भाषण केले, त्यात 'आमची प्रिय सहकारी' तीन वेळा आली. त्या शेवटपर्यंत बसून राहिल्या आणि शेवटी टाळ्याही वाजवल्या. मला ते पाहवले नाही. कॅनडाला त्या गेल्या नाहीत. ग्लासगोला मुलाकडे गेल्या. निघताना माझा कोट ओढून म्हणाल्या, "तू मोजतेस ना सगळं? मग एक मोज. त्यांनी हो मोजले, नाही मोजले. घरी बसलेले कोणी मोजले का ते बघ."

मी त्यांच्या समाजाच्या कार्यालयाला फोन केला. तिकडची मुलगी सभ्य होती. हो म्हणणारे १२८, नाही म्हणणारे ४३, बाद मत एकही नाही. न आलेले? तिने कागद उलटल्याचा आवाज आला. "तसा रकाना नाही आमच्याकडे. एकूण सदस्य ४१२. तुम्ही वजाबाकी करू शकता."

मी ग्लासगोला फोन लावला आणि आकडा सांगितला.

"मला धरून?"

"तुम्हांला धरून."

मग मी तेच केले जे मला शिकवले आहे. मी म्हणाले की नमुना शुद्ध नाही. न आलेल्यांत आजारी असतील, पत्ता बदललेले असतील, ज्यांना फिकीरच नाही असेही असतील. सगळे नकार धरता येणार नाहीत.

"अर्थातच नाही," त्या म्हणाल्या. "म्हणूनच तर घरी जाऊन विचारतात." त्यांनी फोन ठेवला, नेहमीसारखा, निरोप न घेता. त्या हिवाळ्यात त्यांच्या मुलाने दोन ओळींचे पत्र पाठवले, त्या गेल्याचे. अंत्यविधी होऊन गेला होता.

आज मी दुसऱ्या शहरात एक विभाग चालवते. बैठका आता मीच घेते, हात वर होतात, मी मोजते आणि ठराव लिहिते. त्या फोनच्या दिवशीचे पान माझ्या कामाच्या वहीत आहे. दोन रकाने तिकडच्या मुलीने सांगितले तसे आहेत. तिसऱ्याला मथळा काय द्यावा हे ठरवायला मला वेळ लागला. 'अनुपस्थित' लिहिले आणि खोडले, 'नकार' लिहिले आणि तेही खोडले, कारण तेवढा पुरावा माझ्याकडे नव्हता. शेवटी जेवढे निश्चित ठाऊक होते तेवढेच लिहिले.

ज्यांना विचारायला कोणी गेले नाही : २४१.